दाजींचा रिकामा काटा

जगाच्या नकाशावर असा एकही देश नसेल, ज्याला आमचे दाजी भ्यालेले नव्हते. आणि हा माणूस उभ्या आयुष्यात हैदराबादच्या पलीकडं गेलेला नव्हता. जपानात धरणी हलली की इकडं उस्मानपुऱ्यात दाजी आपली खाट भिंतीपासून हातभर लांब ओढत. हॉलंडचा बराच मुलूख समुद्राच्या पातळीखाली आहे, हे मी एकदा जेवताना त्यांना सांगून बसलो. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आन मग तिथली माणसं झोपतात कशी?" त्या रात्री हॉलंडची माणसं झोपली असतील, दाजी झोपले नाहीत. अमेरिकेतल्या बंदुका, ऑस्ट्रेलियातले कोळी, रशियातली थंडी यांची भीती कुणालाही वाटेल. पण दाजींना स्वित्झर्लंडचीही भीती वाटायची. "एवढं शांत?" ते म्हणायचे. "एवढं शांत म्हंजे कायतरी दाबून ठिवलं असणार, बीए."

बीए म्हणजे मी. आमच्या भावकीतला पहिला पदवीधर. हे मी कुठंही सांगतो, इथंही सांगतो; ज्यांच्या आजोबांपासून घरात पदव्या आहेत त्यांना यात काय विशेष वाटायचं नाही, त्यांनी खुशाल पुढं वाचावं. करमाडजवळच्या आमच्या गावातून मी कॉलेजला आलो तो थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी. दाजी म्हणजे आक्काचे मालक. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आणि त्या औरंगाबादेत मी शिकलो तो दाजींच्या भाकरीवर. त्यामुळं त्यांची थट्टा करायचा हक्क मला आहे, आणि ती दुसऱ्या कुणी केली तर भांडायचाही. दाजींनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. "काय बीए?" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

त्यांच्या दाराला आतून कडी होती, कडीच्या वर अडसर होता आणि अडसराच्या वर साखळी होती. साखळी लावून दार ढकललं की चार बोटांची फट पडायची. त्या फटीत दाजींचा एक डोळा दिसायचा आणि आतून ओळीनं प्रश्न यायचे : कोण? कुणाकडं? कामून? या सगळ्यांची उत्तरं पटल्याशिवाय साखळी निघत नसे, मग बाहेर दूधवाला असो, पोस्टमन असो की खुद्द आक्का. एकदा आक्का भाजी घेऊन उन्हात उभी. आतून आवाज आला, "कोण?" आक्का म्हणाली, "चोर." "कुणाकडं?" "तुमच्याकडंच." "कामून?" "तुमच्या बायकोनं मेथी आणलीय, ती निवडायला माणूस पाहिजे. उघडता का इथंच बसू?" दाजींनी साखळी काढली, पण चेहरा पांढरा पडलेला. "अगं, थट्टेत बी चोर म्हणू नाय," ते हळूच म्हणाले. "आयकणारं कोण असंल, कुणाला ठावं?" गॅसची टाकी बदलायला माणूस आला की दाजी घरच्यांना रस्त्यावर काढत, आणि शेजाऱ्यांचं दार वाजवून "जरा बाहेर येता का, काय नाय, सहज" असं म्हणत. शेजारीही सवयीनं बाहेर येऊन उभे राहायचे. टाकी बदलून झाली की सगळे आत जायचे. त्या निमित्तानं गल्लीतली भांडणं मिटलेली मी पाहिलीत.

आता अशा माणसाला सरकारनं काम कोणतं द्यावं? तर वजनमापे खात्यात निरीक्षकाचं. म्हणजे ज्याला बघून व्यापाऱ्यानं भ्यायचं, तो माणूस आमचे दाजी. शहागंजात ते तपासणीला निघाले की व्यापारी गादीवर निवांत लोड टेकून बसलेले आणि साहेबांच्या कपाळाला घाम. "शेट, काटा खोटा आहे," असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "शेट, आपल्या काट्याला जरा बरं नसल्यासारखं वाटतं," असं म्हणायचे. शेट हसायचा, चहा मागवायचा, दोन ओळखी सांगायचा, मग आवाज चढवायचा. दाजींचा आवाज जायचा, पण खोट्या काट्यावर शिक्का उठायचा नाही तो नाहीच. शिक्का छातीशी धरून खाली मान घालून ते तिथंच उभे राहायचे, आणि शेवटी शेटच कंटाळून म्हणायचा, "घ्या साहेब, न्या तो काटा, पण रडू नका."

तपासायची त्यांची एक रीत होती. बाकीचे निरीक्षक पेटीतली सरकारी वजनं काढून थेट पारड्यात टाकत. दाजी आधी दोन्ही पारडी रिकामी करायला लावत, फडक्यानं पुसायला लावत आणि मग कुणाला हात लावू न देता काट्याकडं नुसतं बघत बसत. मालाच्या पारड्याच्या बुडाला कुणी चिंचेचा गोळा चिकटवलेला असला, तर माल पडल्यावर ते कळत नाही. रिकामा काटा मात्र लगेच मान टाकतो. "भरलेलं पारडं कुणाचं बी शहाणं दिसतं, बीए," ते म्हणत. "खरं-खोटं रिकाम्यात कळतं."

हीच रीत त्यांनी देशांना लावली. कोणत्या देशात माणसाचं जगणं किती चांगलं, याची क्रमवारी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. ती आली की दाजी ती चष्मा पुसून वाचत आणि मला बोलावत. मी अर्थशास्त्र घेऊन बीए. मी त्यांना समजावून सांगितलं की यात उत्पन्न धरतात, शिक्षण धरतात, माणूस सरासरी किती वर्षं जगतो ते धरतात. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणूस जगला लई वर्षं. त्यातली भ्यायलेली वर्षं वजा केली का?" मी म्हणालो, "तसं कुणी करत नाही, दाजी." ते म्हणाले, "मंग वजन पॅकिंगसकट केलं म्हण की." मी क्रिकेटचा विषय काढला. ऐन वेळी विषय बदलता येणं हा शिक्षणाचा मोठा फायदा आहे.

मग त्यांनी स्वतःची मापं काढली. रस्त्यात पोलीस दिसला तर माणूस त्याच्याकडं चालत जातो का दुसऱ्या बाजूनं निघून जातो, हे एक माप. म्हातारं माणूस बागेतल्या बाकावर एकटं डुलकी काढू शकतं का, हे दुसरं. परदेशातून कुणी आलं असं कळलं की दाजी त्याला गाठत. लोक त्याला सोन्याचा भाव विचारत, पगार विचारत, दाजी त्याला बाजूला घेऊन विचारत, "तिथं दार वाजलं की पोटात काय होतं?" शहागंजातला एक अत्तरवाला हजला जाऊन आला. दाजी भीत भीत त्याच्या दुकानात गेले. "चाचा, वहाँ पुलिस को देखके दिल कैसा होता?" चाचा म्हणाला, "साब, मैं तो भीड़ में बीवी को ढूँढता फिरा पूरा टाइम. पुलिस नजर आती तो पाँव पकड़ लेता मैं." दाजींनी त्यावरून अरबस्तान दोन घरं वर चढवला. माझ्या मते या मापाला काही अर्थ नव्हता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी मान्य केलं आणि माप चालूच ठेवलं.

पण पहिला नंबर ठरलेला होता : फिनलंड. त्याचं कारण एक फोटो. कुठल्या तरी पुरवणीत आला होता. बाहेर बर्फ, दुकानाच्या दारात बाबागाडी, गाडीत दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू झोपलेलं, आणि जवळ कुणीही नाही. आई आत सामान घेतेय, असं खाली लिहिलेलं. दाजींनी तो फोटो कापून देवघराशेजारच्या कोनाड्यात लावला होता. येणाऱ्याला दाखवायचे. "लेकरू बाहेर, आई आत. आन लेकरू झोपलंय! बघा, झोपलंय!" त्यांचा आवाज असा व्हायचा की एखाद्याला वाटावं, नातवंडाचाच फोटो आहे. कित्येक वर्षं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत, ज्यांना करमाड कुठल्या दिशेला आहे ते सांगता आलं नसतं त्यांनाही, फिनलंड जगात पहिला आहे हे पाठ होतं.

दाजींना एकच मुलगी, वैजू. इंजिनिअर झाली आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागली. हुशार, बापाच्या उलट धीट, आणि आईसारखी तोंडाळ. एका संध्याकाळी ती पेढे घेऊन घरी आली. कारखान्याचं मूळ घर परदेशात होतं आणि तिथं शिकायला पाठवायच्या माणसांत तिची निवड झाली होती. मी तिथंच होतो. "कुठं गं?" मी विचारलं. वैजूनं कोनाड्यातल्या फोटोकडं हात केला. "अण्णांच्या पहिल्या नंबरात."

दाजींच्या हातात पेढा होता. तो त्यांनी खाल्ला नाही, परत खोक्यातही ठेवला नाही. तो हातात धरूनच ते उठले, दाराची साखळी लागलीय का बघून आले आणि म्हणाले, "कडू झालाय."

दुसऱ्या दिवसापासून फिनलंड घसरायला लागला. आधी दुसरा आला. मग पाचवा. "हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो म्हणं," दाजी मला म्हणाले. "तीनला! आपल्याकडं तीनला मिरच्या वाळत असत्यात." मग अस्वलं निघाली. मग तिथली माणसं एका गरम खोलीत उघडी बसतात आणि बाहेर येऊन बर्फात लोळतात, अशी बातमी त्यांना कुठून तरी लागली. त्या आठवड्यात फिनलंड एकदम हॉलंडच्याही खाली गेला. शेवटी एका सकाळी मी गेलो तर कोनाडा रिकामा. फोटो दाजींच्या हातात, आणि ते तो उजेडात धरून असे बघत होते जणू त्यातून कुणीतरी हरवलंय. "बीए," ते म्हणाले, "ही आई कुठं गेली रं? लेकराला असं एकटं टाकून कोण जातं?"

मला हसू आलं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघून ते गिळलं. हा माणूस खरंच भ्याला होता. गॅसच्या टाकीला भ्यायचा तसं नाही. जेवण सुटलं होतं. वैजू कामावरून यायच्या वेळेला फाटकात उभे राहायचे आणि ती दिसली की आत पळायचे, तिला कळू नये म्हणून. जाऊ नको असं एकदाही म्हणाले नाहीत. पण बाप असा वाळत चालल्यावर कोणती लेक जाईल? वैजूच्या साहेबाला होकार-नकार कळवायची वेळ आली, आणि तिनं मला सांगितलं, "मामा, मी नाहीच म्हणणार आहे. अण्णा मरतील." आक्का भांडी घासत होती, तिनं हातातलं पातेलं आपटलं. "मरत नायत. मी बघते. तू जा."

तरी वैजूनं एकदा बापाला गाठलंच. त्या रविवारी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो होतो. "अण्णा," ती म्हणाली, "तुम्हीच पास केलेला देश आहे ना? मग?"

दाजी भिंतीकडं वळले. "भरल्या काट्यावर पास केला, बाई," ते म्हणाले. "रिकामा बघितलाच नाय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे आक्काला ठाऊक होतं आणि मला इतकी वर्षं त्यांची भाकरी खाऊन ठाऊक नव्हतं. "मी बारका व्हतो. पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस, निजामाचं राज्य. सगळा मुलुख भ्याल्याला. बाप सरहद्दीपलीकडं गेल्याला, जित्ता का मेल्याला ठावं नाय. आई मला घेऊन माहेराला निघाली, पायी. भर दुपार. वाटंत एक गाव लागलं. घशाला कोरड पडल्याली. एक दार वाजवलं, उघडंना. दुसरं वाजवलं. आत माणसं व्हती, बांगडी वाजल्याली आयकली मी. आम्ही काय मागत व्हतो? पाणी. गावभर हिंडलो, सगळ्या कड्या आतून. शेवटी एका बाईनं दार उघडलं. तांब्या असा हलत व्हता तिच्या हातात, निम्मं पाणी माझ्या अंगावरच सांडलं. आमच्याहून जास्त तीच भ्याल्याली. कोण, कुणाची, आईनं इच्चारलं नाय, तिनं बी नाय." ते थांबले. "मग पोलीस ॲक्शन झाली. आमच्या लोकांनी कड्या काढल्या, आन दुसऱ्यांनी लावल्या. पाणी मागत हिंडणारं लेकरू तेवढं बदललं."

आक्कानं नळाखाली हात धुतले. म्हणजे नळ सोडला, त्याला पाणी नव्हतं, तो बंद केला आणि बादलीतून तांब्या घेतला.

"जा तू," दाजी वैजूला म्हणाले. "पण माझ्यासाठी एक कर. पोचल्यावर, जिथं तुला कुणी ओळखत नाय असं एक दार वाजव आन पाणी माग. नुसतं पाणी. हातात पिशवी नको, पर्स नको. दार उघडलं तर ऱ्हा. नाय उघडलं तर दुसऱ्या विमानानं वापस ये. शपथ घे."

"दाजी," मी म्हणालो, "तिथं घरोघरी नळाला चोवीस तास पाणी असतं. दारात जाऊन पाणी मागितलं तर वेडी समजतील. पोलीस बोलावतील."

"बोलावू दे. पोलीस कसा हाय ते बी कळंल."

वैजूनं बापाच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. तिची थट्टा करायची सवय मी ओळखून आहे. त्या दिवशी ती थट्टा करत नव्हती.

ती गेली, आणि घरात फोनची भीती सुरू झाली. फोन वाजला की दाजी दचकायचे आणि वाजला नाही की उचलून चालू आहे का बघायचे. ते बघत असतानाच तिचा फोन आला तर लागणार नाही, हे मी सांगितल्यावर फोनला हात लावायचंही भय वाटायला लागलं. पोचल्याचा फोन आला होता, पण पाण्याच्या परीक्षेचा अजून नव्हता. दाजी दुपारी तीन वाजले की घड्याळाकडं बघून म्हणायचे, "पडला असंल अंधार." तिथलं घड्याळ वेगळं चालतं, हे मी सांगायचं सोडून दिलं. एकदा ते मला म्हणाले, "बीए, समज, नाय उघडलं दार. आन ती शपथेपायी वापस आली. जन्मभर मला काय म्हणंल?" आणि थोड्या वेळानं, "आन समज उघडलं. मंग ती तिथंच ऱ्हायली तर?" दोन्ही बाजूंनी भीतीच. इतका समतोल काटा शहागंजात त्यांना कधी सापडला नसेल.

फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, म्हणजे तोवर मी रोज तिथंच असायचो. दाजींनी रिसीव्हर असा धरला की माझ्याही कानावर पडावं. एवढ्या लांबून वैजूचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"अण्णा, मागितलं पाणी. माझ्या मजल्यावरची माणसं ओळखतात, म्हणून शेजारच्या इमारतीत गेले. बाहेर अंधार, बर्फ पडतोय. दार वाजवलं."

"मंग?"

"एका म्हातारीनं उघडलं. पण साखळी लावून. अण्णा, अगदी आपल्यासारखी साखळी. फटीतून एक डोळा दिसला आणि मला तुमची इतकी आठवण आली."

"पुढं सांग."

"मी हातानं खूण केली, पाणी. तिला कळेना. ती काही तरी बोलली, ते मला कळेना. मग आत गेली. मला वाटलं संपलं. पण पेला भरून घेऊन आली. फटीतून द्यायला गेली तर पेला फटीत मावेना. आडवा केला तर सांडतोय. ती तशीच उभी राहिली. माझ्याकडं बघतेय, साखळीकडं बघतेय."

"भ्याल्याली व्हती का ती?" दाजींनी विचारलं.

"हो. एकटीच असावी. पेला हलत होता हातात."

"आन?"

"आन काढली तिनं साखळी."

दाजी भिंतीला टेकले. पलीकडून वैजू हसत होती का रडत होती, तारेवरून समजत नव्हतं. "पुढं ऐका ना! मी पाणी प्याले आणि घरी आले. तर थोड्या वेळानं माझ्या दारात एक माणूस, हातात हत्यारांची पेटी. त्या म्हातारीनं शोधून काढलं मी कुठं राहते, आणि त्याला सांगितलं की त्या मुलीचा नळ बिघडलाय, लगेच दुरुस्त कर. त्यानं माझा नळ सोडून बघितला, बंद करून बघितला, पुन्हा सोडून बघितला. बिचारा, सापडेचना काय बिघडलंय ते!"

आक्का इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आमच्या नळाला तेव्हा कित्येक दिवसांनी एकदा पाणी यायचं, आणि तेही हवा सोडत, खोकत. दाजी मात्र हसले नाहीत. फोन ठेवून ते कोनाड्यापाशी गेले आणि लेकराचा फोटो पुन्हा जागेवर लावला. "नळाचं काय नाय," ते म्हणाले. "नळ कुणाचा बी नीट करता येतो."

त्यानंतर त्यांनी देशांची क्रमवारी लावणं हळूहळू सोडलं. वर्तमानपत्रातली क्रमवारी मी वाचून दाखवायचो. आपला देश कुठं आहे तेवढंच विचारायचे. एकदा म्हणाले, "बीए, आपल्या वैजूसारखी कुणाची तरी लेक आपल्याकडं बी येत असंल, न्हाय का, काटा बघायला?" मी म्हणालो, वेरूळ-अजिंठा बघायला येतात, काटा बघायला कुणी येत नाही. त्यांना पटलं नसावं. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत, दारापासून चार पावलांवर, एक माठ आला. माठावर झाकण, झाकणावर पेला. त्यांनी फार विचार करून जागा निवडली होती : तहानलेल्याला पाणी मिळावं आणि साखळी काढावी लागू नये. मी ते बोलून दाखवलं. दाजी म्हणाले, "मी काय फिनलंड हाय का?"

आणि मग वैशाखातल्या एका दुपारी दार वाजलं. आक्का लग्नाला गेली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. दाजींनी साखळी लावून दार ढकललं आणि फटीतून बघून तसेच मागं सरकले. "बीए," ते कुजबुजले. "आली."

बाहेर एक गोरी पोरगी होती. पाठीवर डोंगराएवढी पिशवी, उन्हानं तोंड टोमॅटोसारखं झालेलं. स्टेशनाचा रस्ता चुकली होती. हातातली बाटली रिकामी. माठ तिच्या पाठीमागंच होता, पण ती कशाला बघेल? मी इंग्रजी बोलायला उठलो. सांगतो ना, पहिला पदवीधर. दाजींनी मला हातानं खाली बसवलं.

ते आत गेले आणि तांब्या भरून आणला. त्यांनी तो फटीतून पुढं केला. आमचा तो पितळेचा मोठा तांब्या. तो कसला मावतोय? त्यांनी तो तिरका केला, पाणी उंबऱ्यावर सांडलं. मागं घेतला. मी त्यांच्या पाठीमागं होतो. त्यांचा खांदा मला दिसत होता, आणि तो खांदा एखाद्या तापातल्या माणसासारखा हलत होता. बाहेर पोरगी उभी, आत दाजी उभे. मग साखळीचा आवाज झाला.

पोरगीनं तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि आत डोकावून बघितलं. ती थांबली. आमच्या पाण्याविषयी त्यांच्या प्रवासाच्या पुस्तकात काय लिहिलेलं असतं, ते मला माहीत आहे. ती भ्याली होती. दाजींनाही ते दिसलं. तिनं वर बघितलं, थरथरणाऱ्या दाजींकडं. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, डोळे मिटून घटाघटा प्याली. मी तिला रस्ता सांगितला. तिनं आपल्या देशाचं नाव सांगितलं. ते मी दाजींना सांगितलं नाही, नाही तर त्या देशातल्या सगळ्या भीती त्यांना तिथंच आठवल्या असत्या. ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत दाजी उघड्या दारात उभे होते. लग्न होऊन आक्का या घरात आली त्या दिवसानंतर ते दार इतका वेळ सताड उघडं राहिलं नसेल.

दार लावून दाजी वळले तेव्हा मला वाटलं, आता हसतील. त्यांचं तोंड पांढरंफटक. "बीए," ते म्हणाले, "पाणी उकळलेलं नव्हतं." त्यानंतर किती तरी दिवस ते वर्तमानपत्रात आजारी पडलेल्या परदेशी मुलीची बातमी शोधत होते. एकदा स्टेशनाजवळच्या लॉजवरही जाऊन आले, पण काय विचारावं ते न सुचल्यानं, "इथला काटा बरा आहे ना?" असं विचारून परत आले. बातमी काही आली नाही. पोरगी ठणठणीत घरी गेली असणार, असं मी शपथेवर सांगितलं. "शपथ नको," दाजी म्हणाले. "उद्यापासून माठातलं पाणी उकळायचं."

दाजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. वैजू तिकडंच राहिली, म्हणजे ज्याला भ्याले होते तेही झालंच. दर हिवाळ्यात ती येते, कोनाड्यातला फोटो पुसते आणि जाते. आता मीच कधी कधी क्रमवारी वाचतो आणि सवयीनं मान वर करतो, पलीकडून कुणी काही विचारेल म्हणून. दाराला साखळी अजून आहे. माठ मात्र आक्कानं फाटकाबाहेर हलवला. रिक्षावाले थांबून पाणी पितात आणि कुरकुर करतात की मावशी, उकळलेल्या पाण्याला चव नसते. आक्का आतून ओरडते, "माझ्याकडं बोंबलू नका. ज्यानं उकळायला सांगितलं, त्याला अजून भिते मी."